अंबडचा कारखाना आणि सराफ बाजारातलं ऑफिस : दोन्हीकडे बॅकअपसाठी कसा सर्व्हर घ्यावा?

तुमची परिस्थिती अशी दिसते: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रॉक्समॉक्सवर (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टॅली, ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रॉइंग मिळून ६ टीबी डेटा, रोजचा बदल ४० जीबी, सराफ बाजाराजवळच्या ऑफिसात दुसरा बॅकअप, मध्ये १०० एमबीपीएसची लाइन. बॅकअपसाठी अंबडला नवं मशीन आणि ऑफिसात पडून असलेला जुना डेस्कटॉप, असा बेत आहे. मी नेमकं उलटं सांगेन. अंबडला आग लागली किंवा चोरी झाली, तर ज्याच्यावर धंदा चालवायचा ते मशीन ऑफिसातलंच. चांगलं मशीन तिथे हवं.

लाइनचा हिशोब करा. १०० एमबीपीएसमधून हातात सेकंदाला साधारण ११ एमबी पडतात. ४० जीबी तासाभरात जातात, रोजचं काम भागलं. पण ६ टीबीला सहा दिवसांहून जास्त लागतात, आणि परत आणायलाही तेवढेच. म्हणून पहिला पूर्ण बॅकअप दोन्ही मशीन अंबडलाच एका स्विचवर लावून घ्या (१ जीबीपीएसवर प्रत्येक कॉपीला १५-१६ तास), मग एक गाडीत घालून ऑफिसात न्या. मोठा रिस्टोर करायची वेळ आली तरी लाइनची वाट बघू नका, बॉक्स उचलून आणा.

दोन्हीकडे ८ टीबीच्या ४ डिस्क, झेडएफएस या फाइल सिस्टीमचं रेड-झेड-२ (दोन डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी राखणारी रचना). दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत. १६ टीबी जागा मिळते, स्क्रीनवर १४.५ च्या आसपास दिसते, आणि ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही. पूर्ण डेटा आणि महिन्याभराचे रोजचे बदल धरून ७.२ टीबी होतात; उरलेली जागा मासिक बॅकअप आणि वाढीसाठी. डिस्क सीएमआरच घ्या, म्हणजे जिच्यात डेटाचे ट्रॅक वेगवेगळे असतात. एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) स्वस्त पडते, पण एक बदलून रिबिल्ड लावला की दिवसेंदिवस रखडते आणि नेमकी तेव्हाच दुसरी जाते. एकूण ९ घ्या, शक्यतो वेगवेगळ्या लॉटमधल्या, नववी कपाटात. रेड कार्ड नको, साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) किंवा मदरबोर्डचे साटा पोर्ट पुरेत. मेमरी ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी): अंबडला ३२ जीबी, ऑफिसला ६४.

ऑफिसच्या मशीनमध्ये आणखी एक खर्च टाळू नका: सर्व्हरसाठीच्या १.९२ टीबीच्या दोन एसएसडी, मिरर करून. रेड-झेड-२ मधल्या चार हार्ड डिस्क लहानसहान वाचन-लेखनात जेमतेम एका डिस्कइतक्या चालतात. त्यावर ईआरपी उठवलं तर लोक लॉगिन करूनच कंटाळतील. टॅली आणि ईआरपीच्या व्हर्च्युअल मशीन या एसएसडीवर रिस्टोर करायच्या, ड्रॉइंग सावकाश येऊ द्यायची.

दोन्ही जागा इंटरनेटवरून सुरक्षित जोडणाऱ्या व्हीपीएनला वायरगार्ड हे सॉफ्टवेअर ठीक. एका बाजूला तरी स्टॅटिक पब्लिक आयपी हवा; अंबडला घ्या. दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असेल तर आधी एक बदला, नाहीतर राउटिंगच होणार नाही. पिंग चालतो पण मोठी फाइल अडकते, अशी तक्रार आली की आधी वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा: पीपीपीओई लाइनवर (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडली जाणारी) १४२० ऐवजी १४१२ ठेवा.

सिंक, म्हणजे अंबडच्या बॅकअपची ऑफिसातली रोजची कॉपी, ऑफिसच्या बाजूने ओढून घ्यायचा, अंबडने ढकलायचा नाही. ऑफिसला अंबडच्या बॅकअपवर फक्त वाचायची परवानगी, आणि ऑफिसचा पासवर्ड अंबडच्या कुठल्याही मशीनवर साठवलेला नसावा. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप सर्व्हरमधला 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' (तिकडे पुसलेलं इकडेही पुसायचा पर्याय) बंद. रॅन्समवेअरने अंबडचे बॅकअप पुसले तरी ऑफिसातले राहतात.

सराफ बाजारात सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचा विचारही करू नका. गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडायला लागला की तिकडे पाणी शिरायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. वरचा मजला, आणि राउटर, यूपीएसही तिथेच. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सर्व्हरचा पॉवर सप्लाय नीट चालत नाही. यूपीएसची यूएसबी केबल जोडून एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन आपण होऊन बंद होईल. अंबडला शॉप फ्लोअरवर ठेवू नका. ग्राइंडिंगची धूळ आणि कूलंटचा धूर पंख्यात बसतो.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे. या रचनेत ते आपोआप होतं, सिंक रोज चालला तर. फेल झाल्याचा मेल दोघांना तरी जाऊ द्या, एक माणूस रजेवर असतोच.

दर तीन महिन्यांनी टॅलीची व्हर्च्युअल मशीन ऑफिसात रिस्टोर करून सुरू करा. तिचं नेटवर्क कार्ड मात्र आधी डिस्कनेक्ट करा, नाहीतर एकाच आयपीच्या दोन टॅली चालू होतील आणि कोणीतरी चुकीच्या टॅलीत एंट्री मारेल. शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि तारीख अंबडच्या टॅलीशी जुळते का बघा. फरक एका दिवसापेक्षा जास्त निघाला तर त्याच दिवशी सिंकचा लॉग उघडा.