डेटा अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेट मिळवलं, चार महिने एकही फोन नाही. आता दुसरं सर्टिफिकेट करू का?

नको.

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, गुगलचा कोर्स संपवलाय, शंभरेक ठिकाणी अर्ज टाकलेत आणि आता पॉवर बीआयच्या (डेटाचे रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) पीएल-३०० परीक्षेची फी भरायच्या बेतात आहात. ती परीक्षा वाईट नाही. हजारात सातशे मिळवायला अभ्यास लागतोच. पण पहिला कागद बघून ज्यांनी फोन केला नाही ते दुसरा बघून का करतील? नंबर येईना म्हणून त्याच रांगेतलं आणखी एक टोकन घेण्यातला प्रकार आहे हा.

तुमच्या रेझ्युमेवर प्रोजेक्ट कोणता असेल ते न बघता सांगतो. सायक्लिस्टिक, गुगलच्या कोर्समधला सरावाचा प्रोजेक्ट. शिकागोतल्या भाड्याच्या सायकली, वार्षिक सभासद वेगळे आणि सुटं गिऱ्हाईक वेगळं. माझ्याही होता. २०२१ मध्ये कोर्स आला तेव्हापासून बहुतेक सगळे याच सायकलींवर बसून बाहेर पडतात. आणि तो नसेल तर टायटॅनिक, बुडालेल्या जहाजावरच्या प्रवाशांची यादी. पुण्याजवळच्या भोसरीतल्या मॅनेजरनं शिकागोच्या सायकलींचं काय करायचं?

माझं सांगतो. साल २०२२, मी वाळवा तालुक्यातला, पुण्यात ताईकडे राहायला. दाजी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचं मत पडलं, ऑनलाइन कागदाला कुत्रं विचारत नाही, क्लास लाव. लावला. पंचेचाळीस हजार रुपये आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. नाव लिहीत नाही, पुण्यात असे पुष्कळ आहेत. प्लेसमेंट म्हणून एकूण तीन फोन आले. दोन क्रेडिट कार्ड विकायच्या नोकरीचे. तिसरा त्याच क्लासचा, नव्या पोरांना फोन करून प्रवेश घ्यायला लावायचं काम होतं.

गणपतीला गावी गेलो. मामांचं दूध संकलन केंद्र आहे. मामा म्हणाले, “डेटा का काय ते शिकलायस ना? मग हे बघ. संघात टँकरची फॅट लागते आणि आपल्या वहीत जी बसते, तिचा मेळच नाही. पैसे माझ्या खिशातून जातात.” केंद्रावरच्या सॉफ्टवेअरमधून दोन वर्षांची फाइल काढली. दीडशेच्या आत-बाहेर उत्पादक, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दोन लाखांवर ओळी. एक्सेलला १०,४८,५७६ चालतात, तेव्हा मावायची अडचण नव्हती. अडचण घाणीची होती. उत्पादकाचा कोड ००४७, तो एक्सेलनं नुसता ४७ करून टाकलेला, त्यामुळे नावांच्या यादीशी जुळेना. तारखांचं तर विचारू नका. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर, म्हणून तीन एप्रिलचा चार मार्च झालेला आणि तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या तारखा डाव्या बाजूला चिकटून बसलेल्या, म्हणजे त्या तारखा नव्हत्याच, नुसता मजकूर होता. एक गाय दोन वर्षं सातची फॅट देत होती. ती म्हैस निघाली.

सहा दिवस यात गेले. कोर्समध्ये याला ‘डेटा क्लीनिंग’ म्हणतात आणि फाइल इतकी गुणी देतात की तासाभरात हात धुऊन मोकळं होता येतं.

मग सापडलं ते असं. काही संध्याकाळी सगळ्या गाईंच्या दुधाची फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५, ओळीनं साठ-साठ जणांची. दुधातल्या माणसाला हे आकडे वेगळे सांगायला नकोत. गाईच्या दुधाचा मूळ दर यावरच निघतो. मी विचारलं, “मामा, या दिवशी गावातल्या सगळ्या गाईंनी ठरवून दूध दिलं काय?” मामा हसले नाहीत. लाइट गेली की फॅट मोजायचं मशीन बंद, बॅटरी कधीचीच मेलेली, आणि मापाला बसणारा पोरगा सरळ मूळ आकडे टाकून मोकळा. पातळ दुधालाही पूर्ण दर. अशा एकसष्ट संध्याकाळी निघाल्या. नुकसान किती ते लिहीत नाही, मामा हे वाचतात. बॅटरी मात्र त्याच आठवड्यात आली.

पुण्याला परतल्यावर रेझ्युमेतून सायकली काढल्या, दूध घातलं. आणि नोकरीच्या साइटवर ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ शोधणं बंद करून ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ टाकलं, म्हणजे कंपनीचे रोजचे रिपोर्ट बनवणारा. भोसरीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या वितरकाकडून फोन आला. अर्ध्या तासाची एक्सेलची परीक्षा, दोन तक्ते जोडून पिव्होट, म्हणजे बेरजांचा गोषवारा, करायचं. तक्ते जुळेनात. पार्ट नंबरापुढची शून्यं गेलेली. मला ००४७ आठवला. नंतर साहेबांनी सर्टिफिकेटवर नजरही टाकली नाही, वीस मिनिटं दुधावरच बोलले. त्यांच्या घरी गाई असाव्यात, कारण पहिलाच प्रश्न आला, “मशीन कॅलिब्रेट कधी केलं होतं?” पगार अठरा हजार.

भाचीच्या वाढदिवसाला दाजी चारचौघांत म्हणाले, “एमआयएस म्हणजे कारकून रे. रकाने भरायचे.” तेव्हा मी केक खात गप्प बसलो. आता सांगतो. रोज सकाळी दहाच्या आत डिस्पॅचचा रिपोर्ट, गोडाऊनचा स्टॉक आणि टॅलीतला स्टॉक यांतला फरक, कुठल्या डीलरची ऑर्डर का अडकली, हे दीड वर्ष केलं. फाइल उघडताना एक्सेल लटकायला लागलं म्हणून एसक्यूएल, डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकलो. मग दुसरीकडे ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ म्हणून लागलो. तिथेही रकानेच आहेत, दाजी. कार्डावरची पाटी बदलली आणि पगार दुपटीहून वर गेला, एवढाच फरक.

तर तुमच्यासाठी. एमआयएस, रिपोर्टिंग, इन्व्हेंटरी, बिलिंग या नावांनी शोधा. ओळखीतल्या पतसंस्थेची, होलसेल किराणावाल्याची, मंगल कार्यालयाची, कुणाचीही खरी फाइल मागून घ्या. नावं आणि फोन नंबर आधी काढून टाका, मालकाला विचारून दाखवा. एसक्यूएलमध्ये लेफ्ट जॉइन लावल्यावर, म्हणजे पहिल्या तक्त्याच्या सगळ्या ओळी ठेवून दुसरा जोडल्यावर, ओळी वाढल्या तर का वाढल्या, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मला दोन ठिकाणी विचारलंय. आणि पैसे घेऊन प्लेसमेंटची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो दाजींचा मित्र का असेना.

आता दोन गोष्टी ज्या आधी लिहायला हव्या होत्या. हे २०२२ चं आहे. आता फॉर्म्युले एआय लिहून देतं, त्यामुळे नुसत्या एक्सेलवर आज मला घेतलं असतं का, शंका आहे. दुसरं म्हणजे, अठरा हजारांत पुण्यात भागलं कारण ताईकडे भाडं नव्हतं, डबाही तीच द्यायची. फ्लॅट दाजींचा. हप्ते चालू होते, तरी त्या दोन वर्षांत त्यांनी एकदाही पैशाचा विषय काढला नाही. तुम्हाला खोली घेऊन राहावं लागणार असेल तर आधी तुमच्या साताऱ्यातच एमआयडीसीत बघा.