दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कायद्यांवर बाहेरच्यांनी टीका करावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की अमेरिकेतल्या बंदुकांच्या कायद्यावर तुम्ही दोन शब्द लिहिले, तर तिथल्या कोणीतरी "आधी तुमच्या देशाचं बघा" म्हणून उडवून लावलं. आणि २०२१ मध्ये गायिका रिहानाने शेतकरी आंदोलनावर ट्वीट केलं, तेव्हा तुम्ही स्वतः तेच म्हणाला होतात. मग बरोबर कोण, असा तुमचा पेच आहे.

माझ्या मते टीका करावी, खुशाल करावी. "ही आमची अंतर्गत बाब आहे" हे टीकेला उत्तरच नाही. टीका खरी की खोटी, याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नसतं. बोलणाऱ्याला गप्प करण्यापुरतंच ते कामाचं. आणि हे मी कुठल्या गोऱ्या विचारवंताकडून उसनं घेतलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्याच अधिवेशनात, १९४६ साली, हा मुद्दा लढवला तो भारताने. तोही स्वातंत्र्य मिळायच्या आधी, हंगामी सरकारच्या काळात.

प्रकरण दक्षिण आफ्रिकेचं. नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून आपल्याकडचे गिरमिटिया (करारावर बांधलेले) मजूर नेले होते. पाठोपाठ व्यापारी गेले, त्यांनी दुकानं थाटली, घरं घेतली आणि गोऱ्यांच्या डोळ्यांत ते खुपू लागलं. जून १९४६ मध्ये पंतप्रधान जनरल स्मट्स यांच्या सरकारने एक कायदा केला. ठरवून दिलेले भाग सोडले तर भारतीयांनी नाताळमध्ये जमीन घ्यायची नाही. वर मलमपट्टी म्हणून संसदेत थोडं प्रतिनिधित्व, पण प्रतिनिधी गोरेच असणार! तिथले भारतीय या कायद्याला 'घेट्टो कायदा' म्हणत. डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि अंबिलो रोडच्या कोपऱ्यावर, भारतीयांना मनाई असलेल्या एका मोकळ्या जागेत त्यांनी तंबू ठोकले आणि सत्याग्रह सुरू केला. रात्री गोऱ्या गुंडांच्या टोळ्या येऊन तंबू पाडायच्या, सत्याग्रही पुन्हा उभारायचे, आणि पोलीस पकडायचे ते सत्याग्रह्यांनाच. दोन हजारांच्या आसपास लोक तुरुंगात गेले.

भारताने आधी व्यापार तोडला. त्या वेळी आपल्या निर्यातीतला सुमारे ५ टक्के माल तिकडे जात होता, तेव्हा हा काही फुकटचा बाणेदारपणा नव्हता. मग प्रकरण न्यूयॉर्कला नेलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. (सासरकडून त्या आपल्याकडच्याच, रणजित सीताराम पंडितांचं घराणं मूळचं कोकणातलं.) सोबत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला होते.

स्मट्स काही साधा गडी नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना, मानवी हक्कांचा उल्लेख असलेली, लिहिण्यात त्यांचाच मोठा हात होता. पण स्वतःवर आल्यावर त्यांनी त्याच सनदेतलं कलम २(७) पुढे केलं, की देशाच्या अंतर्गत बाबीत संयुक्त राष्ट्रांनी पडायचं नाही. भारताने दोन गोष्टी सांगितल्या. तिथल्या भारतीयांविषयीचा १९२७ चा केपटाउन करार दोन सरकारांमधला आहे, त्यामुळे ही बाब निव्वळ अंतर्गत उरलेलीच नाही. आणि वंश बघून हक्क काढून घेता येत असतील, तर सनदेत मानवी हक्क लिहिले कशाला? ब्रिटन आणि अमेरिका स्मट्स यांच्या बाजूने उभे राहिले. ८ डिसेंबर १९४६ ला या तक्रारीवरच्या ठरावावर मतदान झालं. ३२ बाजूने, १५ विरोधात, ७ तटस्थ. दोन तृतीयांश मतं लागत होती. बाजूचं एक मत विरोधात गेलं असतं तरी ठराव पडला असता.

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वेगळाच वाटतो. डॉ. ए. बी. झुमा, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष. तेही न्यूयॉर्कला गेले होते, पण त्यांच्या देशाच्या शिष्टमंडळात त्यांना जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे स्मट्स यांची गाठ पडली तेव्हा झुमा त्यांना म्हणाले, की स्वतःच्या पंतप्रधानांना भेटायला मला दहा हजार मैल विमानाने यावं लागलं. आता सांगा, हे 'अंतर्गत' म्हणजे नक्की कोणाच्या आतलं? ज्या देशात बहुसंख्य लोकांना मतच नाही, तिथला राज्यकर्ता "आमचं आम्ही बघू" म्हणतो तेव्हा त्या 'आम्ही'त किती जण धरायचे?

कोणी "अंतर्गत बाब" म्हटलं की मी पहिल्यांदा हे बघतो, की त्या कायद्याचा जाच ज्यांना होतो त्यांना घरात तोंड उघडता येतं का. येत नसेल, तर बाहेरच्याने बोललंच पाहिजे. येत असेल, तर बाहेरच्याने बोललं काय, न बोललं काय, फारसं बिघडत नाही.

त्याच सभेत दक्षिण आफ्रिकेने आपल्यालाही सुनावलं: तुमच्याकडे अस्पृश्यता आहे, हिंदू-मुसलमान एकमेकांचे गळे कापताहेत, तुम्ही कोण आम्हाला शिकवणार? तुमच्या अमेरिकन माणसाचं म्हणणं हेच आहे. आरोप खरा होता. कलकत्ता आणि नोआखालीच्या दंगलींना काही महिनेच झाले होते. आणि अस्पृश्यतेचं म्हणाल, तर त्याच १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं वाचलं, अस्पृश्यांच्या वतीने आम्हीही तसा विचार करतोय, अर्जाच्या प्रती पाठवा, अशा आशयाचं. जुलैअखेर ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. म्हणजे ज्या दारात भारत सरकार दक्षिण आफ्रिकेची तक्रार घेऊन निघालं होतं, त्याच दारात भारताची तक्रार नेण्याचा विचार बाबासाहेब करत होते. त्यामुळे स्मट्स यांचा कायदा योग्य ठरला का? नाही. मुंबईत अस्पृश्यता आहे म्हणून डर्बनमधला माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर बंदी घालायला मोकळा होत नाही. फार तर दोघांनाही ऐकून घ्यावं लागतं, एवढंच.

आता या कथेचा न आवडणारा भाग. ठरावाने कायदा बदलला नाही. पंडितबाईंनी पुढे सांगितलंय की मतदानानंतर स्मट्स त्यांना म्हणाले, तुझा विजय पोकळ आहे. यामुळे माझी सत्ता जाईल आणि तुझ्या हाती काही लागणार नाही. मे १९४८ च्या निवडणुकीत स्मट्स खरंच हरले. हरण्याची कारणं तिथली, घरची होती, सगळा दोष न्यूयॉर्कला देण्यात अर्थ नाही. पण निवडून आला तो मलान यांचा पक्ष, वर्णभेदाची जाहीर घोषणा देणारा, आणि १९५० मध्ये त्यांनी वस्त्यांच्या विभागणीचा जो कायदा केला त्यापुढे घेट्टो कायदा परवडला म्हणायची वेळ आली. बाहेरून टीका झाली की आतला कडवा गट "बघा, जग आपल्यावर उठलंय" म्हणत बळावतो. ही किंमत असते, आणि ती टीका करणारा भरत नाही.

तरी भारत चार दशकांहून जास्त हटला नाही. माझ्या वडिलांचा १९७० च्या दशकातला पासपोर्ट घरी आहे. कडा झिजल्यात, शाई फिकटलीय, पण कुठल्या देशांना चालेल ते लिहिलेल्या पानावर दक्षिण आफ्रिका वगळल्याचं अजून स्पष्ट वाचता येतं. ते तिकडे जाणार होते अशातला भाग नाही, दुबईच्या पुढे त्यांचं विमान कधी गेलं नाही. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत आपण पोचलो. याआधीही पोचलो होतो; पण या वेळी जिंकायची खरी संधी होती. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका म्हणून आपण खेळलोच नाही, कप त्यांना न खेळता मिळाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली बंदी उठल्यावर त्यांचा क्रिकेट संघ नोव्हेंबर १९९१ मध्ये परत आला, तो पहिला सामना खेळला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. आजही दक्षिण आफ्रिकेत भारताबद्दल जो जिव्हाळा आहे त्यात या सगळ्याचा वाटा मोठा आहे.

आणि मग आलं २००१. वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद, ठिकाण चक्क डर्बन! भारतातून दलित संघटनांचे कार्यकर्ते तिथे गेले, जातिभेदाचा मुद्दा परिषदेच्या जाहीरनाम्यात यावा म्हणून. भारत सरकारने विरोध केला: जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथला नाही, आमची घटना आणि आमचे कायदे त्यासाठी समर्थ आहेत. मुद्दा जाहीरनाम्यात आला नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

सरकारच्या बाजूनेही बोलायला हवं. भारत म्हणजे स्मट्स यांचा दक्षिण आफ्रिका नव्हे. दलितांना पहिल्या निवडणुकीपासून मत आहे, अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, कोर्ट आहे. "आमच्या लोकांना घरात दाद मागता येते" हे म्हणणं खोटं नव्हतं, अपुरं होतं. पण ते म्हणायचं असेल तर चर्चेत बसून म्हणावं. खैरलांजीतलं दलित कुटुंबाचं हत्याकांड त्यानंतर पाच वर्षांनी घडलं. खटला भंडाऱ्यात उभा राहिला आणि आरोपींना शिक्षा झाली, पण उच्च न्यायालयापर्यंत अत्याचार कायद्याखाली गुन्हा काही सिद्ध झाला नाही. हे डर्बनला चर्चिलं गेलं असतं तर देशाची अब्रू गेली असती का? अब्रू जायची ती खैरलांजीतच गेली.

बोलणं आणि दाबणं यांत मात्र मी फरक करतो. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली. त्यात भारताच्या सीमेलगतच्या तराईत राहणाऱ्या मधेशींवर अन्याय झालाय हे भारताचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं, मधेशी स्वतःच रस्त्यावर होते. पण मग रक्सौल-वीरगंजच्या नाक्यावर ट्रक अडकले, काठमांडूत गॅस-पेट्रोल मिळेना, तेही भूकंपाला वर्ष झालं नसताना. भारत म्हणत राहिला की नाकेबंदी आम्ही केलेली नाही. नेपाळी माणसाने ते मानलं नाही, आणि मधेशींचा मुद्दा बाजूला पडून सगळा देश भारताविरुद्ध एक झाला. रिकाम्या सिलिंडरपुढे उभा असलेला माणूस घटनेच्या कलमांवर तुमच्याशी चर्चा करत नाही.

बोलणाऱ्याचा हिशेबही तपासावा. २०२० च्या अखेरीस कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडो यांना आपल्या शेतकऱ्यांचा कळवळा आला. पंजाबी मतदारांचा त्यात किती भाग होता हे वेगळं सांगायला नको. गंमत अशी की हाच कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या हमीभावावर आक्षेप घेत होता, आणि आंदोलक हमीभावच मागत होते! अशा टीकेला "अंतर्गत बाब" म्हणून का उडवायचं? ही विसंगती दाखवली असती तर ट्रुडोंची पंचाईत झाली असती. आपण त्यांच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला आणि मुद्दा सोडून दिला.

रिहानाचं तर त्याहून सोपं होतं. एका गायिकेने "यावर आपण का बोलत नाही?" एवढं विचारलं. त्यावर परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं, आणि सचिनपासून लतादीदींपर्यंत सगळे देशाच्या एकजुटीवर लिहू लागले. दिल्लीच्या सीमेवर सिंघू आणि टिकरीला थंडीत बसलेल्या शेतकऱ्यांना स्वतःचा आवाज होता, ते तिच्या भरवशावर नव्हते. कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले ते त्यांच्यामुळे. ती बोलली त्यात गैर काही नव्हतं, त्याने काही अडलंही नाही. चिडण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही.

तेव्हा बंदुकांवर लिहा. फक्त तिथला कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती आहे, तिच्यावर त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, हे वाचून लिहा. आणि तो "तुमचं बघा" म्हणाला तर त्याला सांगा, तूही आमचं बघ, बघून लिही.

बाहेरचा कोण, हेही आपण सोयीने ठरवतो. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, अमेरिकन नागरिक होऊन बरीच वर्षं झाली. इथल्या आरक्षणावर घरच्या ग्रुपवर तो रोज लिहितो, त्याला कोणी बाहेरचा म्हणत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. ठराव मांडला क्षमा सावंत यांनी, जन्म पुण्याचा. तेव्हा हाच भाऊ संतापला की अमेरिकन लोकांना आमच्या अंतर्गत बाबींत पडायचं कारणच काय. मी विचारलं, शहर अमेरिकेतलं, नगरसेविका अमेरिकेची, तूही अमेरिकेचा, मग 'आमच्या' म्हणजे कोणाच्या? त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. आरक्षणावरचे मेसेज मात्र चालू आहेत.