बारावीला चांगले मार्क, मग टीवायला इंग्रजी का अडखळतं?

तुमचा प्रश्न असा : बारावीला इंग्रजीत ऐंशी मार्क पाडलेला भाऊ बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला चार वाक्यं बोलताना अडखळतो. कॉलेजात इंग्रजी वाढतं की उतरतं?

मी सोलापुरात बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. उतरतं, पण सगळं नाही. आमच्या सायन्सच्या पोरांचा भाषेचा पेपर संपला की इंग्रजी उरतं ते फक्त नोट्समध्ये. पाठ केलेली व्याख्या सरळ उतरवतात. स्वतःचं वाक्य जुळवायची वेळच येत नाही. आणि खरं सांगायचं तर ते ऐंशी मार्कही बरेचसे गाइडचे असतात.

हॅरी बॅरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली सातशेहून जास्त लोकांची शाळा-कॉलेजात शिकलेली स्पॅनिश तपासली. शिकणं थांबल्यावर पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरीच गळती होते, मग जे उरतं ते दशकानुदशकं टिकतं. मूळचं जितकं जास्त शिकलेलं, तितकं उरणारंही जास्त. म्हणजे तुमचा भाऊ नेमका गळतीच्या काळात आहे.

पिढीपिढीत मात्र बदल दिसतो. आम्ही पाचवीपासून एबीसीडी गिरवली. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. आताच्या मुलांचा कान आमच्यापेक्षा कितीतरी तयार आहे, यूट्यूबची कृपा. पण अर्जाच्या चार ओळी लिहायला सांगितल्या की घाम फुटतो. आमचं बरोबर उलटं होतं. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरची पोरं मला तुलनेने धीट वाटतात. घरात एक, गल्लीत दुसरी भाषा, चुकायची लाज आधीच गेलेली.

आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. तिथे चिनी शिकले आणि पुढे त्या भाषेत शिकवूही लागले. समोर पेशंट कण्हत असताना व्याकरण पक्कं होण्याची वाट कोण बघणार?

भावाला गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेवर इंग्रजीत दहा ओळी लिहायला लावा, पुस्तक मिटून. मी एसवायला हेच करतो. जत्रेत मिरवणुकीने नेतात त्या उंच नंदीध्वजाला शब्द सापडत नाही. पहिल्या दिवशी सगळे ‘लाँग स्टिक’ लिहून मोकळे होतात. महिन्याभराने मात्र ती काठी किती उंच, कोण उचलतं, तोल कसा सांभाळतात, हे मोडकंतोडकं का होईना, सांगू लागतात.