'ऑर्डर कन्फर्म करायला' दुकानातून फोन आला असेल तर

कॅमेऱ्याची बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) ऑनलाइन दुकानात बाकी सगळीकडच्यापेक्षा ३० टक्के स्वस्त दिसली, तुम्ही कार्डाने पैसे भरले, मग 'ऑर्डर कन्फर्म करायला' फोन आला. सोबतची बॅटरी टिकत नाही, मोठी घ्या. चार्जर वेगळा. तुम्ही नको म्हणालात, तर माल लगेच 'आउट ऑफ स्टॉक'. ही संहिता मला जवळपास पाठ आहे, समोरच्याचा आवाज तेवढा वेगळा होता. 'हे नॉर्मल आहे का, थांबू की रद्द करू' असं विचारलंय तुम्ही. रद्द करा. आजच, आणि ईमेलने. त्यांनी परत फोन केला तर 'लिहून पाठवा' एवढंच म्हणून ठेवून द्या.

जाहिरातीतल्या किमतीला त्यांना बॉडी विकायचीच नसते. कमाई त्या फोनवर होते. कंपनीच्या डब्यातली बॅटरी, चार्जर, पट्टा काढून घ्यायचे आणि तेच तुम्हाला 'ॲक्सेसरी' म्हणून विकायचे, नाहीतर नकली माल गळ्यात मारायचा. एक खबरदारी मात्र घ्या : हल्ली काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडींबरोबर कंपनी स्वतःच चार्जर देत नाही. त्यामुळे दुकानदाराला चोर ठरवण्याआधी त्या मॉडेलच्या डब्यात काय काय येतं, ती यादी निर्मात्याच्या साइटवर बघा.

अधिकृत विक्रेत्यांची यादी, 'सोल्ड बाय' कोण आहे ते वाचणं, साइट कधीची आहे ते बघणं, हे सगळं इथे बऱ्याच जणांनी सांगितलंय, मी परत लिहीत नाही.

मला दुकानापेक्षा महाग पडलं ते कार्डाच्या तक्रारी घेणारं कार्यालय. नाव लिहीत नाही. नवी म्हणून घेतलेली बॉडी आली ती वापरलेली. बॉडीवरचा सिरीयल नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता आणि शटर भरपूर चाललेलं होतं. मी फोन करून 'माझी फसवणूक झाली' असं सांगितलं. पलीकडच्या माणसाने पुढचं काहीही न ऐकता 'हा व्यवहार ग्राहकाने केलेला नाही' या खान्यात तक्रार टाकली आणि वर माझं कार्ड बंद केलं. दुकानदाराने काय करावं? पैसे माझ्याच फोनवरून मंजूर झाल्याचा पुरावा आणि पार्सल पोचल्याची पावती पाठवली. तक्रार फेटाळली. कारण विचारायला फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी 'तुमची केस बंद दिसतेय सर'. बंद दिसतेय ते मलाही दिसत होतं! योग्य खान्यात घालून घेईपर्यंत मुदत उलटून गेली होती.

म्हणून, तुमच्यावर ती वेळ आलीच तर वाक्य असं ठेवा : 'व्यवहार मीच केला, वस्तू मिळाली, पण ती वर्णनाप्रमाणे नाही.' व्हिसा कार्डाच्या नियमांत या कारणाचा क्रमांक १३.३ आहे, वस्तू मिळालीच नाही तर १३.१. दोन्हींत मुदत साधारण १२० दिवसांची असते. १३.३ मध्ये वस्तू परत केल्याचा किंवा करायचा प्रयत्न केल्याचा पुरावा मागतात, म्हणून 'परत घ्या' हे ईमेलमध्ये हवंच. दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, 'नवीन' हा शब्द त्यात दिसला पाहिजे. ही पानं एका रात्रीत बदलतात. (मी वकील नाही, बँकेतलाही नाही. मास्टरकार्डचे आकडे वेगळे आहेत आणि तुमच्या बँकेची मुदत याहून कमी असू शकते, तेव्हा तिथे विचारा. लेखी विचारा.)

ग्रे मार्केटबद्दल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून दुसऱ्या देशातून आणलेल्या खऱ्या मालाबद्दल, माझं मत इथल्या अनेकांना पटणार नाही. दुकानदार 'ग्रे आहे, वॉरंटी माझी' असं स्वच्छ सांगून विकत असेल तर ती फसवणूक नाही, हिशेब तुमचा. पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, आणि अमेरिकेतल्या निकॉनसारखी कंपनी तर ग्रे मालाला पैसे घेऊनही हात लावत नाही. लपवून विकणारा मला चोरच वाटतो. लेन्स साध्या पांढऱ्या डब्यात आली तर ती बहुधा किट (बॉडी आणि लेन्सचा एकत्र संच) फोडून सुटी काढलेली असते. तीही चालेल, पण मग तसं आधी सांगा ना!

शटर काउंटचं, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं त्या आकड्याचं म्हणाल तर निकॉनच्या बऱ्याच बॉडी तो फोटोच्या एक्झिफमध्येच (फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीत) लिहितात. कॅननच्या अनेक बॉडी लिहीत नाहीत, तेव्हा तिथे आकडा दिसला नाही म्हणून घाबरू नका.

विषय निघालाच आहे तर, अशा दुकानाने 'फ्री' दिलेलं मेमरी कार्ड लग्नाच्या कामाला नेऊ नका. नकली कार्ड कॅमेऱ्याला मोठी क्षमता सांगतं आणि खरी जागा संपली की पुढचे फोटो गायब होतात, तेही बिनबोभाट. एफ-थ्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

तुमचे पैसे अजून 'पेंडिंग' दिसत असतील तर बँक बहुतेक आत्ता तक्रार घेणार नाही, व्यवहार पक्का झाल्यावर या म्हणेल. त्याने खचू नका. ऑर्डर रद्द झाली तर अडकवलेली रक्कम बऱ्याचदा काही दिवसांत आपोआप सुटते. तोवर रद्द केल्याचा ईमेल आणि त्यावर आलेलं उत्तर जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी त्याच ईमेलखाली परत पाठवा, नवा ईमेल सुरू करू नका.