मुलाचं पान साडेसातला घ्या

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, वजन ४६ किलो. शाळेत चिडवतात. मी मैदा बंद केला, संध्याकाळी काकडी-गाजर देते, पण सासूबाई मागून चिवडा आणि बेसनलाडू देतातच. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. त्याची सकाळी सातची शाळा असते. आमचं मेन रोडला दुकान आहे, हे दुकान वाढवून आले की दहाला आम्ही सगळे एकत्र जेवतो. सासूबाईंना कसं समजावू? की वेगळं राहावं?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, सासूबाईंवर तुम्ही अर्धं पत्र लिहिलंत आणि जेवणाच्या वेळेवर एक ओळ. मी त्या ओळीवरच अडले. चौथीतलं पोर रात्री दहापर्यंत जेवायचं थांबतं?

शाळेतून येऊन तो एकच्या सुमाराला जेवत असेल. त्यानंतरचं पान नऊ तासांनी. मध्ये पोटात कावळे ओरडणारच, आणि ते काकडीने गप्प बसत नाहीत. सासूबाईंना त्याची भूक दिसते, म्हणून त्या डबा उघडतात. तुम्हाला ती दिसत नाही, याचा मला राग येतो. मग दहाला तो सगळ्यांबरोबर पुन्हा पोटभर जेवतो.

आणि झोपतो कधी? अकरा-साडेअकराला. सहाला उठायचं, म्हणजे जेमतेम सात तास. या वयाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये वजन वाढण्याचा धोका जास्त दिसतो. पेंगुळलेल्या मुलाला गोड-तळलेलं हवंसं वाटतं आणि खेळायला अंगात त्राण उरत नाही. हे सगळं सासूबाईंच्या लाडवावर ढकलू नका. वेगळं बिऱ्हाड केलंत तरी तिथेही पानं दहालाच पडतील.

उद्यापासून साडेसातला पानं घ्या. मुलगा, सासूबाई आणि तुम्ही. भाकरी, पालेभाजी, वरण, जे असेल ते तिघांना सारखं. त्याच्यासाठी वेगळं ‘डाएट’ नको. वाढायचं काम सासूबाईंना द्या, नातवाला खाऊ घालायची त्यांची हौस तिथे भागू दे. चारच्या सुमाराला मटकीची उसळ नाहीतर थालीपीठ द्या (नाशिकच्या घरात मटकी भिजलेली नसेल असं होत नाही) आणि खेळायला पिटाळा. नऊच्या आत दिवा बंद.

मिस्टर कुरकुरतील. दिवसभर दुकानात उभं राहून आलेल्या माणसाला मुलाबरोबर जेवावंसं वाटतं, हे कळतं मला. पण त्यासाठी पोराला ताटकळत ठेवायचं नाही. त्यांना मुलाचा सहवास हवा असेल, तर सुट्टीच्या सकाळी त्याला घेऊन तपोवनापर्यंत चालत जाऊन यावं.

बालरोगतज्ज्ञांना एकदा नक्की दाखवा. ते उंची-वजन भारतीय मुलांच्या २०१५च्या तक्त्यांवर ताडून बघतील, रक्तदाबही मोजतील. वाढत्या वयात बऱ्याच मुलांना वजन उतरवावं लागत नाही, ते आहे तिथे थोपवलं की उंची वाढत जाते तसा फरक पडतो. तोवर घरात कुणीही, लाडाने सुद्धा, त्याच्या पोटाबद्दल एक शब्द काढायचा नाही. शाळेत तो ते रोज ऐकतोच आहे.