जोतं, उंबरा आणि व्हीलचेअर

गुहागरजवळच्या आमच्या घराचं जोतं अडीच फूट उंच आहे. अर्धांगवायूनंतर वडिलांना व्हीलचेअर लागते. गवंडी म्हणतो, ८ फुटांचा उतार पुरे. करून घेऊ का?

अजिबात नको. ८ फुटांत अडीच फूट चढायचं म्हणजे रॅम्प नव्हे, घसरगुंडी. हिशेब साधा आहे: १ फूट उंचीला १२ फूट लांबी. तुम्हाला ३० फूट लागतील, शिवाय वर, खाली आणि वळणावर ५ फुटांची सपाट जागा. अंगण अपुरं असेल तर रॅम्प मध्ये वळवून परत आणता येतो.

पण खर्चाला हात घालण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. कोकणातली बरीच घरं उतार कापून बसवलेली असतात. पुढे चार पायऱ्या, आणि मागच्या पडवीला जमीन जवळजवळ टेकलेली. तिथे अर्ध्या फुटाचाच फरक निघाला तर ६ फुटांत काम होतं. मग परसदारालाच पुढचं दार समजा. पाहुणे काय म्हणतील, ते पाहुण्यांनी बघावं.

रॅम्पवर गुळगुळीत फरशी नको आणि उघडा जांभा दगडही नको. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा हवा आणि चाक खाली उतरू नये म्हणून ४ इंचांची कड. वर पत्रा टाकता आला तर उत्तमच.

माजघराची सागवानी चौकट ३० इंच रुंद आहे, उंबरा ३ इंच उंच. खुर्ची जाईल का? आई उंबरा काढू देत नाही.

चौकट मोजू नका, दार उघडल्यावर मोकळी राहते ती जागा मोजा. दाराची फळीच दीड-दोन इंच खाते. खुर्ची साधारण २५-२६ इंच रुंद असते, म्हणजे ती जाईल, पण चाक हाताने फिरवणाऱ्याची बोटं सोलवटतील. मोकळी जागा ३२ इंच तरी हवी, ३६ असेल तर निवांत. तूर्त फळी काढून पडदा लावा. चौकट बदलायचीच असेल, तर वरच्या भिंतीला टेकू दिल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.

उंबऱ्याबद्दल आईंचं अगदीच चूक नाही. तो चौकटीचे दोन्ही पाय बांधून ठेवतो. नुसता कापला तर चौकट ढिली होते. तोच उंबरा खाली, जमिनीच्या पातळीत बसवून घ्या. चाकही जाईल आणि हळदीकुंकूही वाहता येईल.

संडास-न्हाणी अंगणापलीकडे आहे. तिथपर्यंत फरशी घालावी का?

फरशीचे पैसे पडवीचा कोपरा बंदिस्त करून तिथेच संडास-न्हाणी करण्यात घाला. पावसात, रात्री अडीच वाजता कोण ढकलत नेणार? आत खुर्ची वळायला ५ फूट बाय ५ फूट मोकळी जागा हवी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडतं. कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीएवढी, १८-१९ इंच.

कमोडच्या एका बाजूला ३ फूट मोकळे ठेवा. कुठली बाजू, हे प्लंबरला ठरवू देऊ नका. अर्धांगवायूत ज्या बाजूचं बळ शिल्लक आहे, त्या बाजूने माणूस सरकतो. म्हणून रुग्णाला खुर्चीत बसवून आधी करून बघा. आधाराच्या दांड्याचे साधे स्क्रू जांभ्यात टिकत नाहीत, भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्या. आणि न्हाणीला कट्टा नको, पाणी उतारानेच जाऊ द्या.

सारवलेली जमीन ठेवली तर चालेल?

खुर्ची रोज फिरणार असेल तिथे नको. पुढची छोटी चाकं पोपडे काढतात आणि त्यातच अडकतात. त्या वाटेपुरता सिमेंटचा कोबा करा, देवघरापुढची जमीन सारवत राहा.