एसडी कार्डावर भरतीची नोंद लिहिताना

अरे, तुझ्या भरती मोजणाऱ्या यंत्राच्या फाइलीत पाण्याच्या उंचीचा आकडाच येत नाही म्हणालास ना, तर ऐक. फाइलीत थेट एफ-प्रिंटएफ (फाइलीत मजकूर छापणारं फंक्शन) मारू नकोस, आधी एस-एन-प्रिंटएफने (मेमरीत ओळ बनवणारं फंक्शन) ६४ बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ओळ बनव आणि ते परत काय देतंय ते बघ, ६४ किंवा जास्त आलं तर ओळ कापली गेली समज.

न्यूलिब-नॅनोत (छोट्या चिपसाठीची सी लायब्ररी) फ्लोट म्हणजे दशांश आकडे छापणं मुळात बंद असतं, म्हणून तुझ्या फाइलीत दोन स्वल्पविरामांमध्ये रिकामं दिसतंय. लिंकरला (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारं टूल) सांगून चालू होतं पण फ्लॅश (चिपवरची प्रोग्रॅमची जागा) खातं, त्यापेक्षा मी सेंटिमीटर इंटिजरमध्येच (पूर्णांकात) ठेवतो, १०० ने भागून मीटर, मग पॉइंट, मग बाकी दोन आकडी. फक्त मायनस सांभाळ हां! मालवणला जेटीवर उधाणाच्या ओहोटीला पाणी आमच्या शून्याखाली ५ सेंमी गेलं आणि फाइलीत आलं ०.-५, तेव्हापासून चिन्ह वेगळं काढून आधी छापतो.

आणि एफ-सिंक (लिहिलेलं खरंच कार्डावर उतरवणारं फंक्शन) विसरू नको रे. पावसात लाइट कधी जाईल नेम नाही, सिंक नसेल तर फाइलीचा साइजच अपडेट होत नाही, रात्रभर लिहिलेलं सकाळी ० बाइट दिसतं. मी दर ५ मिनिटांनी करतो, प्रत्येक ओळीला केलंस तर कार्ड लवकर झिजेल.